बसण्याचा मान

बाणेरच्या त्या सहाव्या मजल्यावर दुपारच्या चहाला रोज युरोपची भांडणं निघत. "तुझ्या ड्यूकची थोरली पाती बुडाली रे, आता धाकटी डोकं वर काढणार," असं कुणीतरी समोसा मोडत म्हणे आणि पलीकडचा माणूस घरचंच कुणी गेल्यासारखा हळहळे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे सांगता न येणारी ही मंडळी ऑस्ट्रियातल्या सरदारांची सोयरीक मात्र तोंडपाठ सांगत. पगार त्याचाच होता. 'गोत्रज' नावाची ती कंपनी युरोपातल्या जुन्या उमराव घराण्यांच्या वंशावळी लावून द्यायची. आपल्यात निळं रक्त आहे का, असं विचारणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांना ती प्रमाणपत्रंही द्यायची.

हा सगळा व्याप 'वंशदर्पण' हे यंत्र आल्यापासूनचा. आईबाप मुलाला आपले निम्मेच जनुक देतात, आणि तेही पत्ते पिसावेत तसे पिसून. त्यामुळे दहा-बारा पिढ्यांनंतर एखाद्या पूर्वजाचा आपल्यात एक कणही उरलेला नसतो. तो पूर्वज खरा, नातं खरं, पण रक्तात काही नाही. त्याचे तुकडे मात्र हजारो वंशजांत विखुरलेले असतात. वंशदर्पण ते गोळा करून, फुटलेली बरणी सांधावी तसा मेलेल्या माणसाचा जनुकसंच पुन्हा उभा करी. मग कुणीही चमचाभर थुंकी पाठवावी, तिच्यात त्या बरणीचा तुकडा आहे की नाही ते यंत्र सांगत असे.

रुफिना पेरेराकडे पोर्तुगालची घराणी होती. रेवदंड्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, पोर्तुगिजांच्या पडक्या किल्ल्याखाली आंतोनवाडी नावाचं तिचं गाव. तिथे घरात अजून पोर्तुगीज आणि मराठीची मिसळ असलेली भाषा बोलत. बाहेरच्यांना ती कळत नसे, आणि गावातल्या लोकांनाही बाहेरच्यांची फारशी गरज वाटत नसे. लग्नंसुद्धा वाडीतल्या वाडीतच होत.

तिच्याकडच्या घराण्यांत सगळ्यांत तोऱ्याचं घराणं मोंतेसेलोंचं. कुण्या राजाने त्यांना म्हणे आपल्यासमोर बसण्याचा मान दिला होता. दरबारात बाकीचे उमराव ताटकळत, मोंतेसेलो मात्र बसून. त्यांच्या दालनातल्या एकाही तसबिरीत कुणी उभं नव्हतं. वर्षातून एकदा सगळा गोतावळा झुंबराखाली जेवायला जमे आणि शेवटी घराण्याचा प्रसिद्ध प्रणाम होई. बसल्या जागी पुढे वाकायचं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवायचे, मान खाली घालायची आणि हात मांड्यांवरून वर सरकवत हळूहळू ताठ व्हायचं. प्रमाणपत्रवाले हौशी वंशजही तो आरशासमोर घोकत. ब्राझीलच्या एका दंतवैद्याने तर आपल्या प्रणामाची चित्रफीत कंपनीला पाठवली होती, बरोबर जमतोय का म्हणून.

रुफिनाने तो सोहळा पडद्यावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला. तिची धाकटी बहीण बेर्था अशीच उठायची. आता भावाची मुलगी, आठ वर्षांची नातालिया, अशीच उठत होती.

वाडीत त्याला 'साहेबी चाल' म्हणत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर पिढीत दोन-तीन मुलांना ती धरी. आधी जिना अवघड होई, मग जमिनीवरून उठणं. काहींचं तिथेच थांबे, काहींचं वर चढत छातीपर्यंत जाई. बेर्था पंधराव्या वर्षी श्वास घेता घेता थकून वारली होती, आणि रुफिनाने तिचा हात धरलेला होता. नातालियाला जिना अवघड जायला लागला त्या दिवशी रुफिनाने मनाशी गाठ मारली, पुन्हा असा हात धरून बसायचं नाही.

मुंबईचे डॉक्टर चांगले होते, पण तेही एका जागी अडले होते. "दुरुस्ती आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. बिघडलेला तुकडा काढायचा, त्या जागी निरोगी बसवायचा. पण तो आहे कुठे? तुमचं अख्खं गाव एकमेकांचं आतेमामे. सगळ्यांचं सगळंच सारखं, मग फरक शोधायचा कशात? हाच आजार असलेलं दूरचं एखादं घराणं मिळालं, तर दोघांत सामाईक काय आहे ते बघता येईल."

दूरचं घराणं रुफिनाच्या टेबलावरच होतं. तिने भावाची परवानगी घेऊन नातालियाची थुंकी वंशदर्पणात घातली आणि मोंतेसेलोंच्या मूळपुरुषाशी ताडून पाहिली. उत्तर आलं, 'संबंध नाही.'

दुसरी एखादी तिथेच हात टेकून बसली असती. रुफिनाने मूळपुरुषाचा जुळवलेला जनुकसंच उघडला आणि तुकड्यामागून तुकडा डोळ्यांखालून घातला. एके ठिकाणी एक करडा पट्टा होता. तेवढा भाग घराण्याच्या इच्छेवरून झाकलेला होता, आणि झाकलेल्या भागाशी यंत्र कुणालाही ताडत नसे.

ती उठून चांदोरकरांकडे गेली. विद्याधर चांदोरकर विभागाचे प्रमुख, माणूस सज्जन, पण कराराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना धाप लागे.

"सर, हे झाकण उघडायचंय."

"अगं, करारात आहे ते! खासगी बाब म्हणून झाकलंय त्यांनी. उघडलंस तर तूही घरी आणि मीही घरी."

"चोरून उघडणार नाही. चोरलेली माहिती हॉस्पिटल घेणारही नाही. मी मागणार आहे. मला दोना कॉन्स्तांसांशी बोलायचंय."

दोना कॉन्स्तांसा, म्हणजे कॉन्स्तांसा बाईसाहेब, घराण्याच्या कर्त्या, ऐंशी ओलांडलेल्या. दर तिमाहीचा अहवाल त्या स्वतः ऐकत.

"त्या नाही म्हणतील, वर तक्रारही करतील. नोकरी जाईल तुझी," चांदोरकर म्हणाले.

"जाऊ दे, सर. वंशावळी लावणारे छप्पन मिळतील तुम्हाला. नातालिया एकच आहे."

चांदोरकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहवाल तर तूच देतेस," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्यानंतर काय बोललीस, ते मी ऐकलेलं नाही."

अहवालाच्या दिवशी रुफिना आंतोनवाडीत होती. भाऊ फेलिक्स होडी लावून नुकताच आला होता. तिचा बेत ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"माझ्या पोरीचा तमाशा करतेस काय गो? त्या मोठ्या लोकांपुढं?"

"तमाशा ते करतात फेलिक्स, दर वर्षी, झुंबराखाली. नातालिया फक्त उठणार आहे. आणि तिची तयारी असेल तरच."

ओसरीवर फतकल मारून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलेली नातालिया म्हणाली, "मी उठते ना. त्यात काय मोठंसं?"

पडद्यावर दोना कॉन्स्तांसा दिसल्या. उंच पाठीची खुर्ची, मांडीवर शाल, भिंतीवर बसलेल्या माणसांच्या तसबिरी. रुफिनाने अहवाल दिला. ब्राझीलमधून नवे वंशज, अंगोलातून काही. मग तिने कानातलं भाषांतराचं यंत्र काढून ठेवलं आणि वाडीच्या भाषेत म्हणाली, "दोना, अजून एक काम आहे. ते कंपनीचं नाही, माझं आहे."

म्हातारीने मान किंचित पुढे केली. ती भाषा तिला पुरती कळत नव्हती, पण अर्थ लागत होता, आणि ती परकीही वाटत नव्हती. "बोल," ती म्हणाली.

"ही माझी भाची. तिला नुसतं उठताना बघा."

नातालियाने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, कंबर वर उचलली, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा. मान खाली. हात मांड्यांवरून इंच इंच वर चढत गेले. कपाळावर घाम आला. शेवटी ती ताठ उभी राहिली आणि जिंकल्यासारखी हसली. फेलिक्सने तोंड फिरवलं.

पडद्यावर दोना पुढे सरकल्या.

"तिला हे कोणी शिकवलं?" दोनांनी विचारलं.

"कोणीच नाही. तुम्हाला कोणी शिकवलं, दोना?"

असा प्रश्न त्या बाईला उभ्या आयुष्यात कुणी विचारला नसावा. रुफिनाला वाटलं, आता पडदा काळा होणार. पण दोना बोलू लागल्या, हळू, एकेक शब्द टेकवत.

"मला आजीने उंच खुर्चीत बसायला शिकवलं, म्हणजे उठायला कमी त्रास. आणि उठण्याला प्रणाम म्हणायला शिकवलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो प्रणाम घोकावा लागतो. काहींना घोकावा लागत नाही, आपोआप येतो. त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून चुलत भावंडांत लग्नं लावली, ती जमीनही गेली. हे मात्र घरातच राहिलं. माझा पणतू दुआर्ते आता सहा वर्षांचा आहे. तो सुंदर प्रणाम करतो."

"मग झाकण काढा," रुफिना म्हणाली. "आमच्या गावात लग्नं बाहेर गेली नाहीत, कारण आम्हाला बाहेर कुणी विचारलंच नाही. तुमची गेली नाहीत, कारण तुम्ही कुणाला विचारलं नाही. फळ एकच. तुमचा कुणी किल्लेदार तीनशे वर्षांपूर्वी इथे राहून गेला असणार. तुमचा तुकडा आणि आमचा तुकडा शेजारी ठेवला की बिघाड कुठे आहे ते कळेल. दोन्ही मुलं वाचतील."

"आणि ती हजारो माणसं? ज्यांनी भिंतीवर आमचं प्रमाणपत्र लावलंय? झाकण निघालं की आपल्या अंगात काय आहे तेही त्यांना कळेल. त्यांना मी मान दिला. आता आजार पाठवू?"

"आजार तुमच्या आधीच पोचलाय त्यांच्याकडे. आपण फक्त सांगायचं. ज्यांना कळेल, त्यांची मुलं बेर्थासारखी जाणार नाहीत." बेर्था कोण, ते दोनांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी ते विचारलं नाही.

म्हातारीने शाल बाजूला केली. पुढे वाकून तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवले. झुंबर नव्हतं, पाहुणे नव्हते, समोर होती ती सोड्यांच्या वासाची ओसरी आणि एक अनवाणी पोर. हात मांड्यांवरून वर चढले, मध्येच थरथरले, थांबले, पुन्हा चढले. राजासमोर न उठणाऱ्या घराण्याची ती कर्ती बाई नातालियासमोर उभी राहिली आणि खुर्चीचा हात धरून म्हणाली, "झाकण काढा. संमती मी आजच देते."

करडा पट्टा उघडल्यावर वंशदर्पणाने नातालियाला पुन्हा ताडलं. संबंध निघाला, तोही केवढा, तर एकच इवलासा तुकडा, आईकडून आणि बापाकडूनही आलेला. किल्लेदाराचं नाक नाही, रंग नाही, बाकी कशाचा लवलेश नाही. तीनशे वर्षांच्या पिसण्यात त्याचं सगळं गळून गेलं होतं, राहिला होता तेवढा आजार. त्या तुकड्यातच डॉक्टरांना बिघाड सापडला. औषध तयार होऊ लागलं, दुआर्तेसाठी आणि नातालियासाठी बरोबरच. हजारो वंशजांना निरोप गेले. काहींनी आभार मानले, काहींनी प्रमाणपत्रं परत पाठवून कोर्टाची धमकी दिली. ब्राझीलच्या दंतवैद्याने आपल्या मुलीची थुंकी दुसऱ्याच दिवशी पाठवली. कंपनीने रुफिनाला काढलं नाही. धमक्यांना उत्तरं द्यायचं काम मात्र तिच्याच गळ्यात मारलं, आणि ती ते नेटाने करत होती.

औषधाच्या आदल्या दिवशी दोनांचा व्हिडिओ फोन आला. नातालिया आत्याच्या शेजारी बसली होती.

"एक विचारायचं होतं," दोना म्हणाल्या. "तो तुकडा काढून तिथे निरोगी बसवणार. मग या मुलीने पुन्हा तपासायला पाठवलं, तर तुझं यंत्र काय सांगेल?"

रुफिनाने खोटं बोलायचं टाळलं. "संबंध नाही, असं सांगेल."

दोनांनी नातालियाकडे पाहिलं. भिंतीवरची बसलेली माणसं त्यांच्या मागून बघत होती.

नातालियाने आत्याची बाही ओढली. "आत्या, मी त्यांना आजी म्हणायचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "मग बरी झाल्यावर नाही म्हणायचं का?"