मोर दिसला नाही

“मला दिसायचंय,” शर्मिला म्हणाली.

महाडच्या नाक्यावरच्या दुकानात धम्मपाल एका टेम्पोच्या काचेसाठी लाल रेडियममधून ‘आईचा आशीर्वाद’ कापत बसला होता. त्याने मान वर केली. दारात गुडघ्यापर्यंत चिखल झालेली मुलगी, हातात हँडल वाकडं झालेली सायकल. ब्लेड सरकलं. आशीर्वादाची वेलांटी गेली ती गेलीच.

“कोणाला दिसायचंय?”

“ट्रकला.”

“मी नंबरप्लेटा करतो, मॅडम. आणि गाड्यांवर नावं.”

“शेजारचा सायकलवाला बारशाला गेलाय. तुमचं उघडं आहे.”

कारण रोखठोक होतं. त्याने स्टूल पुढे केलं, नळ दाखवला, आणि हँडल सरळ करायला घेतलं. एरवी हे काम तो करत नसे, हे त्याने दोनदा सांगितलं.

शर्मिला महमूदभाईंच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवायचं, समोरची अक्षरं वाचून घ्यायची आणि विचारायचं, “आता दिसतंय? आणि आता?” अर्ध्या तालुक्याला तिने नीट बघायला लावलं होतं. पण संध्याकाळी ती सायकलवरून घरी निघाली, की त्याच तालुक्याला ती दिसत नसे. घर पोलादपूरच्या अलीकडे, हायवेलगतच्या वाडीत. एसटी येते तेव्हा येते. मिनीडोर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की आतल्याला हलता येत नाही. म्हणून सायकल.

त्यात रेनकोट आईने निवडलेला. मंजुळाबाई मुलीसाठी जे काही घेत ते मळखाऊ रंगाचं घेत. चपला, स्वेटर, दप्तर, सगळं. हा रेनकोट ओल्या डांबराच्या रंगाचा होता. गणपती जाऊनही पाऊस हटला नव्हता, धुकं खाली उतरायला लागलं होतं, आणि त्या धुक्यात शर्मिला रस्त्यात अशी मिसळून जायची, की इतका एकसंध रस्ता त्या पट्ट्यात दुसरीकडे कुठे नव्हता.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा पडली, तेव्हाच आईने बजावलं होतं, “आणखी एकदा पडलीस ना गो, तर सायकल भंगारात, आणि तू प्रवीणकडं घाटकोपरला.” प्रवीण म्हणजे मोठा भाऊ. घाटकोपरला वहिनीचं बाळ होतं. सांभाळायला माणूस हवंच होतं. डोळे तपासायचं मशीन तिथे नव्हतं. इथे महमूदभाई ते आता कुठे तिच्या हाती द्यायला लागले होते.

आज सकाळी ती दुसऱ्यांदा पडली होती. हे घरी कळणार नव्हतं, आणि तिसऱ्यांदा पडायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी तिने गटारातून उठता उठताच ठरवून टाकल्या होत्या.

“संध्याकाळी न्या,” धम्मपाल म्हणाला. “अशी करतो, की नजर हटणार नाही.”

संध्याकाळी सायकल पाहून ती दारातच थांबली. मागच्या मडगार्डवर मोर होता. निळा, हिरवा, सोनेरी, मान वळवून बघणारा. पिसारा थेट कॅरिअरपर्यंत, आणि चेनकव्हरवर वेली.

“वरात कुठे निघालीय?”

“आवडला नाही?”

“आवडला. तीच तर पंचाईत आहे… मी ट्रकसाठी म्हटलं होतं.”

“ट्रकवाल्यांना मोर फार आवडतो. माझं दुकान त्यावरच चाललंय.”

“इथे मागे एक लाल काच होती.”

“काढली. पिसाऱ्याच्या बरोबर मध्ये येत होती. शोभत नव्हती.”

दिवसभर लोकांना “दिसतंय का?” विचारणाऱ्या मुलीने हा प्रश्न इथेच विचारायला हवा होता. पण तो मोर असा काही बघत होता… आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूसही.

त्यानंतर पिसाऱ्याचं एखादं टोक दर चार दिवसांनी सुटायला लागलं. कधी ते आपोआप सुटायचं, कधी शर्मिलाच्या नखाने. धम्मपालच्या डोळ्यांनाही अचानक त्रास सुरू झाला. तो तपासायला आला. तिने त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली. समोरची अक्षरं सोडून तो भलतीकडेच बघत होता.

“समोर बघा. आता दिसतंय?”

“मघापेक्षा छान दिसतंय.”

“मी अजून काच घातलेली नाही.”

गल्ल्यावरून महमूदभाईंनी वर न बघता सांगितलं, “तिसऱ्यांदा तपासतोय हा. डोळे अजून चांगलेच आहेत.”

आणि मग ती संध्याकाळ आली.

पाऊस भुरभुरत होता. वाडी जवळ आली होती, शर्मिला कडेने पॅडल मारत होती. मागून मोटरसायकलचा आवाज वाढत आला, ब्रेक किंचाळले, काहीतरी तिच्या कोपराला वारा घालून गेलं आणि घसरत गटारात पडलं.

“ओऽ, मधे काय चालवताय! दिवाबिवा लावता येत नाही?” गटारातून आवाज आला. आवाज ओळखीचा होता.

शर्मिला सायकलवरून उतरली.

“मोर दिसला नाही?”

पोलादपूरला नंबरप्लेट पोचवायला निघालेल्या धम्मपालचं हेल्मेट गटारातून हळूच वर आलं.

“शर्मिला…?”

“लागलंय का?”

“मला नाही. तुम्हाला—”

“मला नाही लागलं. उठा, आणि गाडीचा लाईट माझ्या सायकलवर धरा. लांबून.”

त्याने मुकाट्याने गाडी उभी केली, मागे नेली, लाईट धरला. दोघांनी बघितलं. मोर काळा. पिसारा काळा. त्या गुळगुळीत, महागड्या रंगांवर उजेड पडत होता आणि तिथेच मुरत होता. परत एक किरण येत नव्हता. जिथे उजेड परतवणारी ती लाल काच होती, तिथे सोनेरी डोळा होता. तोही मिटलेला.

“सगळ्यांना वाटतं रेडियम म्हणजे चमकणारच,” तो कसाबसा म्हणाला. “मलाही… ही नुसती रंगीत शीट आहे. रात्री लावून कधी बघितलंच नाही. मी आत्ता तुला मारलं असतं.”

तो पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला होता, आणि नेमकं अशा वाक्यात.

“काढ तो मोर,” शर्मिला म्हणाली.

तेवढ्यात एक मिनीडोर हळू झाली. आतून शेजारच्या सोनाबाईंनी मान काढली. “गो शर्मे! पडलीस परत?”

“मी नाय पडले! हा पडलाय!”

पण मिनीडोर पुढे गेली होती, आणि बातमी तिच्याबरोबर. शर्मिला घरी पोचेपर्यंत त्या बातमीत एक ट्रकही आला होता. मंजुळाबाई ओट्यावर सायकलचं कुलूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“मी नाय पडले, आई.”

“आज नाय पडलीस, तर उद्या पडशील. सायकल भंगारात जाईल. प्रवीणला फोन केलाय.”

“सायकल जाणार नाय.” शर्मिलाने कुलूप उचलून खिळ्याला अडकवलं. “रविवारी सांजच्याला तू स्वतः बघायचंस. मागून गाडीवर बसून. तुला मी लांबून दिसले नाय, तर बॅग माझी मी भरते.”

“आणि दिसलीस तर?”

“तर घाटकोपरचं नाव काढायचं नाय.”

मंजुळाबाईंनी चष्मा पदराने पुसला. तो शर्मिलानेच करून दिलेला होता. “बघते,” त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी धम्मपालने दुकानाच्या कोपऱ्यातून एक गुंडाळी ओढली. आरटीओच्या पासिंगच्या वेळी ट्रकच्या मागे लावतात ती लाल-पांढरी पट्टी. दिसायला ओबडधोबड म्हणून त्याने आजवर ती शोकेसमध्ये ठेवली नव्हती. या वेळी त्याने शटर खाली ओढलं, अंधार केला, टॉर्च मारला. पट्टी लखकन पेटली.

मग पट्टी मडगार्डवर गेली, दांड्यांवर गेली. लाल काच परत बसली. कॅरिअरखाली लुकलुकणारा दिवा आला. शर्मिलाने पिवळाधमक रेनकोट घेतला. (“केवढा मळंल गो!” मंजुळाबाई कळवळल्या.)

“अजून एक,” शर्मिला म्हणाली. “हलणारी वस्तू डोळा आधी पकडतो. सायकलवर सगळ्यात जास्त काय हलतं?”

त्याने पट्टीचे दोन तुकडे कापडावर चिकटवले, शिवून घेतले आणि तिच्या पायाशी बसला. मोराचं पीसन्‌पीस नेमकं कापणाऱ्या माणसाने ते तुकडे चक्क तिरके कापले होते.

“घट्ट होतंय…?”

“नाही…”

“मग पाय का ओढतेस?”

“तू धरून ठेवलायस म्हणून.”

शटर बराच वेळ अर्धंच वर होतं.

रविवारी सांज झाली. धुकं उतरलं. शर्मिला सायकल मारत निघाली. मागे कुठेतरी लांब वळणापलीकडे आई धम्मपालच्या मोटरसायकलवर बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा परक्या मुलाच्या मागे. शर्मिलाने वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही. गाडी येत नव्हती. आईला दिसलंच नसेल तर? बॅग माळ्यावर होती. तिची चेन नादुरुस्त होती, म्हणजे आधी चेन… तिने दात आवळले आणि पॅडल अजून जोरात मारलं.

अखेर मागे इंजिनाची धडधड ऐकू आली. गाडी बाजूला थांबली. मंजुळाबाई उतरल्या.

“त्या पुलापासून दिसत होतीस,” त्या म्हणाल्या. “पहिलं पाय दिसलं. वर-खाली, वर-खाली. मी ह्याला म्हटलं, बाकी कोण नाय, आमची शर्मीच. लहान होती तेव्हापासून डावा पाय जोरात मारते.”

मग त्या वाकल्या. “पायात काय घातलंयस?”

“रेडियम.”

“कोणी घातलं?”

शर्मिलाने हँडलकडे बघितलं. धम्मपालने हेल्मेट काढलं. “मी.”

मंजुळाबाईंनी त्याला चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिलं. अगदी सावकाश, पासिंगला आलेली गाडी बघावी तसं.

“पैंजण झालं. आणि जोडवी रे? ती पण रेडियमचीच आणणार हायस?”

मोटरसायकल बंद पडली. ती आपोआप बंद पडली की त्याने बंद केली, ते कळलं नाही.

“चांदीची आणेन, आई,” तो म्हणाला. “म्हणजे… हिने हो म्हटलं तर.”

शर्मिलाने एक पाय पॅडलवर ठेवला. “सायकल सोडणार नाही. नोकरीही नाही.”

“सोड म्हणालं कोण?” धम्मपाल म्हणाला.

“मग हो,” ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

मागून आईचा आवाज आला, “आणि त्या मोराचं काय केलंत रे? सोनाबाई पण म्हणायची, भारी होता.”

“पुढं लावलाय, टोपलीवर. दिवसासाठी.”

कशेडी घाटाच्या दिशेने जाणारा एक ट्रक मागून आला. लांबूनच त्याचा वेग कमी झाला. त्याने ऐसपैस जागा सोडली आणि तिला वळसा घालून पुढे गेला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. शर्मिलाने डावा पाय जोरात मारला.