घराखालची चाकं

राजाराम रामटेके यांचं पत्र मोरेश्वर काकांच्या उशाशी असलेल्या पुस्तकात खूण म्हणून पडून होतं. पुस्तक वाचून संपलं, दुसरं आलं, तिसरं आलं. पत्र एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिलं. उत्तर मात्र गेलं नाही.

राजाराम आणि काका नागपूरला एकाच ग्रंथालयात नोकरीला होते. निवृत्तीनंतर काका मुलीकडे अमेरिकेत बॉथेलला आले आणि योगायोगानं राजारामचा मुलगा रवीही तिथेच नोकरीला लागला. पत्रात राजारामनं एवढंच विचारलं होतं : ‘रवीनं घर घेतलं म्हणतो. फोनवर दाखवतो तेव्हा स्वयंपाकघराची भिंत तेवढी दिसते. तू जवळ आहेस. एकदा जाऊन ये आणि घर कसं आहे ते कळव. जय भीम.’

काका गेले नाहीत. रवीनं बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता कुणाकडे जाणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मग त्यांना तो फोन आला. त्यानंतर तर उत्तर लिहिणं अशक्यच झालं.

म्हणूनच त्या सोमवारी आश्लेषाच्या ऑफिसात रवी रामटेके आला, तेव्हा काकांनी हातातली फाइल उगाचच चेहऱ्याजवळ धरली.

आश्लेषा खाजगी तपासनीस होती. आधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायची, आता स्वतःचा परवाना घेऊन एका जपानी खाणावळीवरच्या दोन खोल्यांत बसायची. काकांच्या मुलीची ती मैत्रीण. घरात एकटं बसण्यापेक्षा काका तिच्याकडे येऊन कागद लावून देत. तपासात आपला उपयोग होतो असा त्यांचा समज नव्हता.

“काका,” रवी म्हणाला, “तुम्हालाही फोन आला होता ना?”

काकांनी मान हलवली. खोटं बोलायलाही धीर लागतो.

रवीनं सांगितलं ते असं. त्याचं घर म्हणजे मोबाइल होम. कारखान्यात बनलेलं, ट्रकला जोडून आणलेलं आणि अशाच घरांच्या एका पार्कमध्ये भाड्याच्या जागेवर ठेवलेलं. घराचं कर्ज एका कंपनीचं, जागेचं भाडं पार्कला वेगळं. हिवाळ्यात नोकरी गेली. व्हिसा टिकवायला मिळेल त्या कन्सल्टन्सीत कमी पगारावर लागला, पण हप्ते थकले. कर्जकंपनीचे फोन सुरू झाले. त्यानं ते घेणंच बंद केलं.

“आणि मग लोकांना फोन जायला लागले,” तो म्हणाला. “संजयला, परीक्षितला, मंजुषाताईंना, काकांना. रविवारी बुद्धवंदनेला गेलो तर मी आत आल्यावर सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागले. शुक्रवारी मी कंपनीत जाऊन घराची चावी देऊन टाकणार आहे.”

“भांडणार नाहीस?”

“कशासाठी, ताई? जे झाकायचं होतं ते उघडं पडलं. मला फक्त कळायला हवं, नंबर कुणी दिले. हप्ते थकल्याचं मी एकट्या संजयला सांगितलं होतं. यार, पायललासुद्धा सांगितलं नव्हतं.”

पायल म्हणजे त्याची बायको. आश्लेषानं विचारलं, “कर्जाच्या अर्जात ओळखीचे म्हणून कुणाचे नंबर दिले होतेस?”

“जुन्या मॅनेजरचा. त्याला फोन गेलेला नाही.”

तिनं त्याला कर्जाचं खातं उघडून दाखवायला सांगितलं. रवीनं फोन पुढे केला. थकलेल्या हप्त्यांमध्ये मार्चचा हप्ता मात्र भरलेला दिसत होता.

“हा कुणी भरला?”

“कुणीच नाही. त्यांचीच काहीतरी एरर असणार.”

“त्यांना विचारलंस?”

“फोनच घेत नाही तर विचारू कसं?”

“लोकांचे फोन कधी सुरू झाले?”

“एप्रिलमध्ये.”

आश्लेषानं तारखा वहीत टिपून घेतल्या. मग म्हणाली, “हे बघ, वसुलीवाल्यांनी तुझं कर्ज तिसऱ्याला सांगायचं नसतं. कंपनीनं ते केलं असेल तर तुझ्या हातात काहीतरी आहे. शुक्रवारपर्यंत चावी खिशातच ठेव.”

संजय आश्लेषाला आणि काकांना त्याच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये भेटला. रवीनं महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ते त्याला फार लागलं होतं. तो सांगत राहिला, की रवीला कर्जकंपनीत ड्राइव्ह करून नेलं तोच, पैसे देऊ केले तोच, आणि आज गुन्हेगारही तोच. फोनवरच्या माणसानं काय सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “रामटेकेंचं लोन थकलंय, त्यांना सांगा. मी म्हटलं, घर नेऊ नका त्यांचं. तो म्हणाला, कसलं घर? आणि ठेवून दिला. असली माजोरी माणसं.”

परीक्षित पूर्वी रवीच्या टीममध्ये होता. वयानं लहान, अविवाहित, बोलायला मोकळा. त्याचा संशय वेगळाच होता.

“कोणीतरी आपल्यातलाच आहे, काका. त्यानं मला काय म्हणावं? मिस्टर परीक्षित भावजी. ॲक्सेंट अमेरिकन, पण भावजी. मला वाटलं मराठी मंडळातला कुणीतरी मस्करी करतोय. मी म्हटलं, बोला वहिनी. तर तो सीरियसच.”

काका हसले आणि मग हसल्याचं त्यांना वाईट वाटलं.

मंजुषाताई शनिवारी मुलांना मराठी शिकवत. त्या आधी काही सांगेनात. कुणाच्या घरची गोष्ट आपल्या तोंडून जायला नको, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच वेळानं एवढं कळलं, की फोनवाल्यानं त्यांना ‘मिस मंजुषा ताई’ म्हटलं, रामटेके एवढंच नाव घेतलं आणि निरोप द्यायला सांगितला. “मी पायलला काही बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “तोंड कसं दाखवायची ती?”

पार्कची मॅनेजर डोरीन हिच्याकडून फारसं निघालं नाही. जागेचं भाडं वेळेवर येतं, कर्जाशी तिचा संबंध नाही, आणि रामटेकेंच्या कुणा मित्राचा नंबर तिच्याकडे नाही. जाता जाता ती म्हणाली, की फेब्रुवारीत कर्जकंपनीचा माणूस दारावर नोटीस चिकटवून गेला होता. दुपारी. तेव्हा रवीची गाडी नव्हती.

रवीचं घर काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फिकट निळ्या रंगाचं, लांबट, छपरावर देवदाराच्या सुया साचलेल्या. खालच्या बाजूनं पत्र्याची झालर लावून घराचं पोट झाकलेलं होतं. एका कोपऱ्यात झालर सुटली होती आणि तिथून चाक दिसत होतं. काकांनी चटकन नजर दुसरीकडे नेली, जणू कुणाचा फाटका सदरा दिसला होता.

पायलनं चहा केला. ओट्याशी पाठ करून ती बोलत होती. तिला काही माहीत नव्हतं, लोकांना फोन गेले तेव्हाच कळलं. “पण यांनी संजय भावजींवर संशय घेतला ते मला पटलं नाही,” ती म्हणाली. “त्यांनी आमचं कधी वाईट चिंतलं नाही.”

ओट्यावर पालथा ठेवलेला तिचा फोन थरथरला. तिनं पाहिलं नाही. पुन्हा थरथरला, तेव्हा तिनं हात पुसायचं फडकं त्याच्यावर टाकलं आणि आलं किसायला घेतलं. चहा गाळून झाला होता.

परतताना आश्लेषानं गाडीत विचारलं, “काका, तुमचा काय अंदाज?”

“मी काय सांगणार,” काका म्हणाले. “पण परीक्षित म्हणतो तसं कुणी मराठी माणूसच वाटतो. भावजी, ताई हे शब्द त्याला कसे माहीत? मनात संजयचंच नाव येतं. येऊ नये असं वाटतं.”

“तुम्हाला काय म्हणाला होता?”

“मिस्टर मोरेश्वर काका. मला तर सगळेच काका म्हणतात, म्हणून त्यात काही वाटलं नाही.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. “रवी माझ्या ओळखीचा नाही, असं म्हणालो,” ते म्हणाले. आश्लेषानं वायपर चालू केला.

गुरुवारी संध्याकाळी ती रवीच्या घरी गेली. रवीला वाटलं होतं, सगळ्यांना बोलवायचं असेल. तिनं नको म्हणून सांगितलं होतं. टेबलापाशी रवी, पायल, ती आणि काका, एवढेच.

“कर्जकंपनीनं तुझ्या मित्रांपैकी कुणालाही फोन केलेला नाही,” आश्लेषा म्हणाली. “संजयनंही कुणाला काही सांगितलेलं नाही.”

“मग?”

“नीट ऐक. त्या माणसानं कुणाशीही घराचा शब्द काढला नाही. संजयनं घर म्हटलं तर त्यानं उलट विचारलं, कसलं घर? आपण त्याला माजोरी म्हटलं. तो खरंच विचारत होता. त्याला घर माहीतच नव्हतं. म्हणजे तो दुसरं एखादं कर्ज वसूल करत होता. त्यानं रवी असंही कधी म्हटलं नाही. रामटेके म्हणाला. रवी आपण आपल्या मनानं जोडला.”

पायल फडक्याची घडी घालत होती. घातलेली मोडून पुन्हा घालत होती.

“आता नावं. मराठी माणूस भावजीच्या आधी मिस्टर लावणार नाही. तो माणूस समोर लिहिलेलं वाचत होता. काका, ताई, भावजी त्याला आडनावं वाटली. अशी नावं असतात कुठे? आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. आपण नंबर नात्यानं सेव्ह करतो. काहीकाही ॲप कर्ज देताना फोनमधली सगळी नावं उचलतात आणि हप्ता चुकला की त्या लोकांच्या मागे लागतात. प्रश्न एवढाच, की फोन कुणाचा.”

“माझ्या फोनमध्ये परीक्षित नुसता परीक्षित आहे,” रवी म्हणाला.

“असणारच. काकांना सगळेच काका म्हणतात, मंजुषाला सगळेच ताई. त्यावरून काही कळत नाही. पण परीक्षितचं लग्न झालेलं नाही, म्हणजे त्याला मेहुणी नाही. तुझ्याहून लहान असलेल्या त्या मुलाला भावजी कोण म्हणेल? तो ज्याचा मित्र आहे त्याची…”

ती थांबली. वाक्य तिनं पुरं केलं नाही.

“बायको,” पायल म्हणाली.

बाहेर कुणाची तरी गाडी खडीवरून हळूहळू गेली.

“लग्न झाल्यावर मी सगळ्यांना नावानं हाक मारायचे,” पायल खाली बघत म्हणाली. “आईंनी सांगितलं, यांचे मित्र म्हणजे दीर. मग मी फोनमध्येसुद्धा बदललं.”

नोटीस तिनंच पहिल्यांदा वाचली होती. वाचून दारावर पुन्हा होती तशी चिकटवली, रवी येईपर्यंत आत बसून राहिली. तो आला, त्यानं नोटीस काढून खिशात घातली आणि जेवायला काय आहे असं विचारलं. मार्चमध्ये तिनं फोनवर जाहिरात पाहिली. ॲपनं पगार विचारला नाही. परवानग्या तेवढ्या मागितल्या आणि तिनं सगळ्यांना हो केलं. आलेल्या पैशातून तिनं घराचा एक हप्ता भरला. ॲपचे हप्ते दर आठवड्याला होते. ते तिला झेपले नाहीत.

“मला का नाही सांगितलंस?” रवीनं विचारलं.

“तुम्ही मला सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं.” मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “सगळ्यांत तुमची बेअब्रू माझ्या फोननं केली. हे सांगायचं कसं, तेच कळेना.”

काकांना वाटलं, रवी रागावेल. रवी उठला आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“संजयला मी काय काय बोललो,” तो म्हणाला. “आणि एरर म्हटलं. तुझ्या पैशाला मी त्यांची एरर म्हटलं.”

आश्लेषानं दोघांना थोडा वेळ दिला. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात कामाचं बोलली. मित्रांना ज्या नंबरवरून फोन आले, त्यावरून तिनं ॲपवाला शोधला होता आणि त्याला या राज्याचा परवाना नाही, हेही तपासलं होतं. तक्रारीचा मसुदा तयार होता, पायलनं सही करायची होती. आणि घराचं म्हणशील तर, ती रवीला म्हणाली, चावी द्यायच्या आधी निदान एकदा त्यांचा फोन घे.

“सकाळी घेईन.”

“त्यांचं ऑफिस अजून उघडं आहे.”

रवीनं नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. पायल त्याच्या शेजारी बसली. पलीकडच्या बाईचा आवाज थकलेला होता. रवीनं नाव सांगितलं, नोकरी गेल्याचं सांगितलं, आता किती भरू शकतो ते सांगितलं. प्रत्येक वाक्याला त्याचा चेहरा लाल होत होता, पण तो थांबला नाही. बाईनं बराच वेळ टाइप केलं. मग म्हणाली, की थकलेले हप्ते मुदतीच्या शेवटी नेता येतील, या महिन्यापासूनचे मात्र चुकवू नका. आणि असंही म्हणाली, की हिवाळ्यापासून आम्ही हेच सांगायला फोन करत होतो.

रवीनं फोन ठेवला. चावी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“काका,” तो म्हणाला, “बाबांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. मला माहीत आहे. मी रोज वाट बघायचो, तुम्ही त्यांना काय कळवताय.”

काकांनी हातातला कप खाली ठेवला. “मी काहीच कळवलं नाही,” ते म्हणाले. “आणि त्या माणसाला सांगितलं, की रवीला मी ओळखत नाही.”

“मीही तेच केलं असतं.”

“ते काही बरोबर नव्हतं.”

“नव्हतंच,” रवी म्हणाला. “आता लिहा. त्यांना बंगला म्हणून सांगितलंय मी. घराखाली चाकं आहेत, हेही लिहा.”

पायलनं कागद आणि पाकीट दिलं. काकांनी तिथेच, चहाच्या कपांच्या मध्ये जागा करून लिहिलं. अनेक ओळी खोडल्या. शेवटी राहिलं ते थोडंच होतं :

‘प्रिय राजाराम, उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण फक्त माझा भित्रेपणा. रवीचं घर आतून पाहिलं. लांबट आहे, फिकट निळं आहे, खाली चाकं आहेत. चाकं असूनही ते जागेवर आहे. ते जागेवर ठेवायला तुझा मुलगा आणि सून दोघंही फार झटले, एकमेकांच्या नकळत. व्हिडिओवर दाखवायला सांग, आता दाखवतील. जय भीम. तुझा, मोरेश्वर.’

पार्कच्या दाराशी टपालाच्या पेट्या होत्या. काकांनी पाकिटावर परदेशी टपालाचं गोल तिकीट चिकटवलं, कडा अंगठ्यानं दाबल्या. पाकीट फटीत अर्धं गेलं तेव्हा एखादी ओळ चुकली तर नाही ना, असं त्यांना वाटलं. आश्लेषा गाडीत वाट बघत होती. काकांनी पाकीट आत ढकललं आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.