चुकीच्या जागी किमया

नागपूरच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेतल्या पडद्यावर किमया मेश्राम पस्तिशीची झाली होती आणि अजून बास्केटबॉल खेळत होती. खरी किमया एकोणीस वर्षांची होती आणि पडद्यासमोर बसून नखं खात होती.

तिचे कॉलेजमधले प्रशिक्षक वासनिक सर शेजारीच होते. तिला व्यावसायिक संघाचं बोलावणं आल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. ती आज हो म्हणाली की कॉलेज सुटणार. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि विद्यापीठाचा करंडक अजून एकदाही हाती लागला नव्हता. करंडकाचं ते कुणापाशी बोलत नसत, पण स्वतःपासून काय लपवणार?

"ही गणितजुळी," डॉ. विभावरी बोकडे सांगत होत्या. "किमयाचे सांधे, स्नायू, मेंदूतल्या जोडण्या, सगळं मोजून संगणकात वाढवलेली तिची जुळी बहीण. एक आत्ताच व्यावसायिक संघात पाठवली, ती सव्विसाव्या वर्षी घरी बसली. दुसरी तीन वर्षं कॉलेजात ठेवली. ती ही."

"मी काय सांगून राहिलो होतो?" सर खुर्चीत ऐसपैस टेकले. "आधी शिक्षण पूर्ण कर."

"पण असं का, मॅडम?" किमयाने विचारलं. "गुडघे तर दोघींचे सारखेच दमलेत."

"कारण शिक्षण नाही. व्यावसायिक संघ तुला मैदानाच्या कोपऱ्यातून बास्केटवर नेम साधायलाच उभी करतो, कारण त्यात तू पटाईत आहेस. बाविशीपर्यंत मेंदूतल्या जोडण्या ओल्या असतात. एकच काम दिलं की त्या साच्यात घट्ट होतात. पुढे वेग उतरला की दुसरा खेळ सुचतच नाही. कॉलेजात तू कधी चेंडू पुढे नेणारी गार्ड, कधी बास्केटखाली उंच पोरींशी झुंजणारी सेंटर. रोज नव्या चुका करतेस. त्या चुकाच तुला तारतात."

सर ओशाळले. "अहो, ते काही धोरण नव्हतं. पोरीच कमी होत्या, म्हणून हिला कुठंही उभी करत होतो. पण आता ती चिंता मिटली. सेंटरला दोन उंच पोरी आणल्या, एक चपळ गार्ड मिळाली. यंदापासून हिला तिच्या कोपऱ्यातून हलवणार नाही, असा शब्दच दिलाय मी तिला."

डॉक्टरांचा हात थबकला. "हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी नवा संघ संगणकात भरला आणि गणित पुन्हा सोडवलं.

पडद्यावरची किमया सव्विसाव्या वर्षी थांबली.

तिला थांबवून घेण्यासाठी सरांनी केलेली सगळी धावपळ तिच्याच मुळावर उठली होती. आणि यंदाचा संघ खरोखर झकास जमला होता, याचंही त्यांना वाईट वाटलं.

"म्हणजे इथं काय, तिथं काय, सारखंच," किमया हळूच म्हणाली. "मग जाते मी, सर."

"थांब जरा." सर डॉक्टरांकडे वळले. "हिला तीन वर्षं त्या कोपऱ्यात पायच ठेवू दिला नाही तर?"

डॉक्टरांनी आकडे बदलले. पडद्यावरची किमया पस्तिशी ओलांडून सदतिसाव्या वर्षात धावू लागली.

"पण सर, तुमचा संघ तिन्ही वर्षं उपांत्य फेरीआधीच गारद होतोय."

सरांनी खुर्ची किमयाकडे वळवली.

"उद्यापासून तू सेंटर. समोरच्या पोरी तुझ्याहून हातभर उंच राहतील. धुऊन काढतील तुला."

किमयाला हसू आवरेना. "राहते मी. पण सर, त्या दोन उंच पोरींचं काय करणार?"

"त्या कोपऱ्यातून नेम धरतील," सर उठत म्हणाले. "त्याही एकोणीसच्याच आहेत ना. चुकू दे त्यांनाही."