मुखवट्याला मिशी कुठून आली?

"चोर सापडला! मामा, चोर सापडला!"

स्वप्नालीचा आतेभाऊ रितेशदादा मोटरसायकल कशीबशी उभी करून ओरडतच कारखान्यात शिरला. कोपऱ्यात स्वप्नाली, अस्लम आणि चिमा खाडीवर चिंबोऱ्या पकडायला जायचा बेत करत होती. तिघंही ताडकन उठली.

कालपासून हमरापूरच्या त्या गणपतीच्या कारखान्यात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. स्वप्नालीच्या बाबांनी, म्हणजे विलासशेठनी, यंदा नव्या घडणीची मूर्ती काढली होती आणि गोणपाटात गुंडाळून ठेवलेला तिचा रबरी साचाच नाहीसा झाला होता. साचा दुसऱ्या कुणाच्या हाती पडला, तर त्यांची मूर्ती दारोदार विकली जाणार आणि त्यांचा हंगाम बुडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"मागच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा परवा संध्याकाळचा व्हिडिओ आहे हा," रितेशदादा म्हणाला. त्याचा रामवाडीला फोटो स्टुडिओ होता आणि आपल्या कॉम्प्युटरचा त्याला भारी गर्व. "लाईट गेली होती, कॅमेरा बॅटरीवर होता, त्यामुळे नुसती काळी सावली दिसत होती. मी आपल्या एआय सॉफ्टवेअरमध्ये घातला. इंटरनेटसुद्धा लागत नाही त्याला! एक क्लिक, आणि हा बघा चेहरा!"

सगळे मोबाईलवर वाकले. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एक माणूस बाहेर पडत होता. खोल डोळे, रुंद नाक, जाड मिशी. चेहरा अगदी लख्ख दिसत होता.

"हा तर मंगळ्या!" कुणीतरी म्हणालं.

चिमाच्या हातातली चिंबोऱ्यांची जाळी खाली पडली. मंगळ्या तिचा बाबा. तो या कारखान्यात गोणी वाहायचा आणि कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायचा. खरं सांगायचं तर फोटोतला चेहरा पेणच्या बाजारात भेटणाऱ्या कितीतरी माणसांसारखा होता. पण मंगळ्या कातकरवाडीवरचा, आणि वाडीवरच्या माणसावर संशय घ्यायला लोकांना फारसा विचार करावा लागत नाही. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण आहे खरी.

"शेठ, मी नाय ओ! देवाशप्पत नाय!" मंगळ्या हात जोडून म्हणाला.

"फोटो खोटं बोलतो काय?" विलासशेठ गरजले. "उद्या संध्याकाळपर्यंत साचा आणून दे. नायतर सरळ पोलिसात देईन!"

आणि रागाच्या भरात त्यांनी व्हिडिओतल्या त्या चेहऱ्याचा फोटो गावच्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. खाली लिहिलं, 'या चोरापासून सावध.'

चिमा रडली नाही. ती बापाचा हात धरून निघून गेली. बालवाडीपासून एका बाकावर बसणारी मैत्रीण आपल्याकडे न बघता निघून गेली, हे स्वप्नालीला फार लागलं.

संध्याकाळी ती आणि अस्लम वाडीवर गेले.

"कशाला आलात?" चिमाने दारातूनच विचारलं.

"तुला न्यायला. आपण शोधायचं," स्वप्नाली म्हणाली.

चिमा उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "एक सांग अस्लम. रितेशदादा बोलला, त्याला इंटरनेट लागत नाय. अंधारात कायपण दिसत नव्हतं. मग त्या डब्याला माझ्या बाबाचं तोंड ठावं कसं?"

अस्लम तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे अब्बा कुवेतला होते आणि त्यांनी पाठवलेल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणं हा त्याचा सुट्टीतला मुख्य धंदा होता.

"या अल्ला! बरोबर बोलतेस! त्याला हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. जिथं दिसत नाही, तिथं ते आपल्या मनानं भरतं. पण हे मोठ्यांना पटवायचं कसं?"

"दाखवून," स्वप्नाली म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी आलं होतं.

तिघं कारखान्याच्या मागच्या अंगणात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. फळीवर गौरीचे कच्चे मुखवटे वाळत होते. पांढरेफटक, ना रंग, ना डोळे. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते आणि या कारखान्यात ती फक्त स्वप्नालीची आई करायची. अस्लमने एक मुखवटा बांबूवर बसवला, त्याला टोपी घातली, खाली स्वप्नालीच्या बाबांचा जुना शर्ट लटकवला. चिमाने ते बुजगावणं धरून कॅमेऱ्यासमोरून नेलं. स्वप्नालीने अंगणातला दिवा बंद ठेवला होता.

"गौरीबाई, जरा झपाझप चाला!" अस्लम म्हणाला. त्या दिवसात चिमा पहिल्यांदा हसली, पण तेवढंच.

मग त्यांनी तो व्हिडिओ अस्लमच्या लॅपटॉपवर घेतला. रितेशदादाचंच सॉफ्टवेअर त्याच्याकडेही होतं. पट्टी हळूहळू पुढे सरकली आणि चित्र उघडलं.

तिघंही मागे सरकली. टोपीखालून एक पुरुष त्यांच्याकडे बघत होता. त्याला डोळे होते, भुवया होत्या आणि नाकाखालच्या सावलीची चांगली जाड मिशी झाली होती!

"आई!" स्वप्नालीने हाक मारली. "इकडे ये. याची आखणी तू केलीस?"

आईने पडद्याकडे पाहिलं, मग बांबूवरच्या कोऱ्या मुखवट्याकडे. "मी कुठं केली गो! अजून पांढरा रंगसुदा नाय लागला त्याला." आणि मग तिला उमगलं. ती हळूच खाली बसली. "म्हणजे यानं आपल्याच मनचे डोळे काढले. मी काढते तसे. आणि त्या डोळ्यांवरनं आपण त्या गरिबाला चोर केला?"

"बाबांना सांगूया का?" स्वप्नालीने विचारलं.

"रागात हायत. साचा मिळाल्याबिगर ऐकायचे नायत," आई म्हणाली.

आता अस्लमने कॅमेऱ्यातून घेतलेला परवाचा मूळ व्हिडिओ लावला, न सुधारलेला. काळोख, त्यात मुंग्यांसारखे ठिपके आणि एक सावली. पण चिमाची नजर माणसावर नव्हतीच.

"ती बघ भिंत! पिवळं काय लुकलुकतंय?"

खरंच, भिंतीवर एक अंधूक पिवळा उजेड उघडझाप करत होता. रितेशदादाच्या लख्ख व्हिडिओत तो नव्हता. सॉफ्टवेअरने तो कचरा समजून पुसून टाकला होता!

"गाडीचा इंडिकेटर!" स्वप्नाली ओरडली. "परवा संध्याकाळी टेम्पो आला होता. कच्च्या मूर्ती रंगवायला रोह्याला गेल्या, म्हणजे ते गाठोडंही त्यातच गेलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पेणहून रोह्याच्या गाडीत बसली. अस्लमची आत्या, अजराफुफी, रोह्यालाच राहायची. ती स्टेशनवर घ्यायला येणार म्हणून आईने परवानगी दिली होती. निडी स्टेशनला गाडी थांबली, तशा मुलांचं बोलणं ऐकून समोरच्या बाई मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "पोरांनो, हमरापूरकडचे ना तुम्ही? या माणसापासून जपून हां. चोर हाय."

पडद्यावर तोच चेहरा होता. खाली कुणीतरी मंगळ्याचं नावही घातलं होतं.

चिमाने खिडकीकडे तोंड फिरवलं. स्वप्नालीने तिचा हात धरला. अस्लम मात्र म्हणाला, "काकी, ते खोटं आहे. पुढे पाठवू नका." बाईंनी खांदे उडवले आणि गाडी सुटली.

फुफी त्यांना रोह्याच्या रंगकारखान्यात घेऊन गेली तेव्हा तिथं रंगकाम करणारी सरूमावशी ब्रश धूत होती. मुलांचं ऐकून तिने त्यांना मागच्या खोलीत नेलं. पेंढ्यात गोणपाटाची गाठोडी मांडून ठेवली होती. अजून एकही सोडलेलं नव्हतं. तिघांनी भराभर सुतळ्या सोडायला सुरुवात केली. कच्चा गणपती, कच्चा गणपती, पुन्हा कच्चा गणपती...

"सापडला!" चिमाचा आवाज चिरकला. गोणपाटातून रबरी साचा बाहेर डोकावत होता.

"मिळाला! मिळाला!" अस्लमने तिथल्या तिथे उडी मारली.

"अरे बापरे, हा कसा आला?" सरूमावशी म्हणाली. "ड्रायव्हर बोलत होता, गाडी सुटता सुटता शेठनी स्वतः मागच्या दारानं एक नग आणून दिला. अंधारात मूर्ती समजून हाच उचलला वाटतं!"

 स्वप्नालीने अस्लमचा लॅपटॉप उघडून मूळ व्हिडिओ पुन्हा लावला. सावलीचा एक हात गाठोड्याच्या खाली, दुसरा पाठीशी. कच्ची मूर्ती धरतात तसे. दाराशी ती सावली वळली आणि कोपराने दार लोटलं, मग पायाने खालची कडी सारली. रोज रात्री घरी स्वप्नाली हेच बघायची. मिशीवाल्या चेहऱ्याकडे बघण्याच्या नादात चालणाऱ्या माणसाकडे तिने पाहिलंच नव्हतं.

"बाबा आहेत," ती पुटपुटली.

 'ड्रायव्हरची चूक झाली' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. साचा मिळाला असता आणि बाबांची मान चारचौघांत खाली गेली नसती. अस्लम जमिनीकडे बघत होता. चिमा मात्र सरळ तिच्याकडे बघत होती, काहीही न मागता. स्वप्नालीला रडू फुटलं. तिने ते बाहीने पुसलं आणि साचा उचलला.

तिघं संध्याकाळी परत आली तेव्हा कारखान्याच्या अंगणात माणसं जमली होती. मंगळ्या फाटकापाशी उकिडवा बसला होता. स्वप्नालीने साचा बाबांपुढे ठेवला आणि एकच गलका उडाला.

"शाब्बास पोरांनो! कुठं लपवला होता यानं?" विलासशेठनी विचारलं.

"यानं नाही," स्वप्नाली म्हणाली. आधी तिने कोरा मुखवटा आणि त्याचा तो मिशीवाला फोटो दाखवला. रितेशदादाने कोऱ्या मुखवट्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तिने मूळ व्हिडिओ लावला. ती बाबांकडे वळली. "बाबा, हे तुम्ही आहात."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"दार कोपरानं कोण लोटतं, बाबा? कडी पायानं कोण लावतं?"

विलासशेठनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. "टेम्पो निघाला होता... शेवटचा एक नग..." ते अडखळले आणि मटकन ओट्यावर बसले.  थोड्या वेळाने ते म्हणाले, "पोरीनं बापालाच पकडला. बरं केलं. तिघांनीही बरं केलं." आईने स्वप्नालीला जवळ घेतलं.

मग विलासशेठ उठून फाटकापाशी गेले. "मंगळ्या, चुकलो रे मी. फार मोठी चूक झाली. माफ कर."

मंगळ्या उभा राहिला. "माझं ऱ्हावं द्या शेठ. मला सवय हाय. तुम्ही माझ्या पोरीसमोर मला चोर केलात. तिला सांगा."

विलासशेठनी मोबाईल रितेशदादाच्या हातात दिला. "चालू कर. जिथं जिथं तो फोटो गेला, तिथं हे पाठव. काही सुधारू नकोस." आणि ते चिमासमोर येऊन उभे राहिले.

"चिमा, तुझा बाबा चोर नाही. साचा मीच चुकून टेम्पोत दिला आणि आळ त्याच्यावर घेतला."

"परत सांगा," चिमा म्हणाली. "मोठ्यानं."

विलासशेठनी सांगितलं. या वेळी ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.