धुक्यात झालेला गोल

सामना संपला की माझं काम सुरू व्हायचं. पोरं आंघोळीला गेली की मी खाली पडलेल्या जर्सी मोजून पिशवीत भरायचो. अकरा खेळणाऱ्यांच्या आणि दोन राखीव, अशा तेरा. एर्मेलिंदा सायकलवरून यायची, पिशवी धुवायला घेऊन जायची आणि मंगळवारी इस्त्री करून परत आणायची. वीस वर्षांत एक मोजासुद्धा हरवला नव्हता.

"नेल्लो, तू बायकोलाही मोजूनच घरात घेत असशील," ती म्हणायची.

पो नदीकाठचं आमचं गाव १९७२ साली पहिल्यांदाच 'सेरी आ'मध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचलं होतं. सात नंबरची जर्सी एर्मेलिंदाच्या एकुलत्या एका पोराची, लोरिसची. त्याला एक खोड होती. खेळताना कॉलरचं डावं टोक चावायचा. आई दर आठवड्याला नवं टोक शिवायची आणि करवादायची, "पोटभर वाढते, तरी मेला कापड खातो!"

डिसेंबरातल्या त्या रविवारी धुकं असं उतरलं की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये. बावन्नाव्या मिनिटाला पलीकडच्या टोकाला आरडाओरडा झाला. आमच्या बाजूचे लोक ओरडले, "काय झालं रे?"

"गोल!" धुक्यातून उत्तर आलं.

"मारला कुणी?"

"लोरिसनं!"

एर्मेलिंदा माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला. वरच्या लीगमधला तिच्या पोराचा तो पहिलाच गोल, आणि आम्ही दोघांनी तो फक्त ऐकला.

वीस मिनिटं उरली असताना पंच मैदानाच्या मधोमध उभे राहिले. दोन्हीकडचे गोलचे खांब दिसेनात. त्यांनी सामना थांबवला. नियम असा की तो पुन्हा कधीतरी पहिल्यापासून खेळायचा आणि झालेलं काहीच धरायचं नाही.

लोरिस बाकावर बसून राहिला. जर्सी काढेना.

"काढ रे, मला मोजायचीय," मी म्हटलं.

"अजून वीस मिनिटं राहिलीत, नेल्लो."

त्यानं जर्सीवरच कोट चढवला आणि तो निघाला. मी चिडून दारापर्यंत गेलो, पण ते जर्सीसाठी. एवढ्या धुक्यात गाडी घेऊन जाऊ नकोस, हे माझ्या तोंडून निघालं नाही. कालव्याच्या वळणावर त्याची लहानशी फियाट पाण्यात गेली.

आईनं त्याला त्याच जर्सीत पुरायला सांगितलं. शवपेटीत ती मी माझ्या हातानं सारखी केली. पुढं एर्मेलिंदानं नवी सात नंबरची शिवून दिली, आणि जर्सी पुन्हा तेरा झाल्या.

जानेवारीतल्या एका बुधवारी तो सामना पुन्हा झाला. लख्ख ऊन होतं. शून्य-शून्य. मी जर्सी मोजल्या.

चौदा.

पुन्हा मोजल्या. जास्तीची जर्सी लोरिसच्या खुंटीखाली पडली होती. चिंब ओली, बर्फासारखी गार, कालव्याच्या गाळाचा वास मारणारी. पाठीवर जुना सात. कॉलरचं डावं टोक चावलेलं.

कुणीतरी नीच थट्टा केली असणार, असं मी मनाला समजावलं. जर्सी पिशवीच्या तळाशी कोंबली. मंगळवारी एर्मेलिंदानं तेरा परत आणल्या.

"आणि ती?" मी विचारलं.

"शिवून दोरीवर घातलीय." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यानंतर जर्सी चौदा भरायच्या. सामन्याच्या दिवशी सकाळी चौदावी एर्मेलिंदाच्या दोरीवरून नाहीशी व्हायची आणि संध्याकाळी लोरिसच्या खुंटीखाली सापडायची. आम्ही हरत होतो, खालच्या लीगमध्ये घसरत होतो. एर्मेलिंदाच्या अंगावर मात्र तेज चढत होतं. रविवारी ती चांगला झगा घालून यायची.

मे महिन्यात तिनं विचारलं, "या हंगामातल्या शेवटच्या रविवारनंतर सामना कधी?"

"त्यानंतर एकदम सप्टेंबरात. तोही खालच्या लीगमध्ये."

"मग तोवर तो जाईल कुठं?"

मी पिशवीची गाठ बांधायला लागलो.

शेवटच्या रविवारी उन्हानं मैदानाची धूळ झाली होती. तेरा जर्सींवर घाम आणि माती. चौदावीतून पाणी ठिबकत होतं. एर्मेलिंदा पहिल्यांदाच खेळाडूंच्या खोलीत आली आणि तिनं ती उचलून छातीशी धरली.

"ही मी आता सोडणार नाही."

"एर्मेलिंदा, जाऊ दे त्याला."

"तू दिलंस ना एकदा जाऊ?" ती म्हणाली.

ती खरं तेच बोलली होती. मी वाटेतून बाजूला झालो.

जुलैत मी तिच्या अंगणात गेलो. चादर टाकावी आणि घटकेत वाळावी असा उन्हाळा. दोरीवर ती एकच जर्सी होती, आणि ठिबकत होती. खालच्या विटांवर शेवाळ धरलं होतं. एर्मेलिंदा शेजारी खुर्चीत बसली होती, मांडीवर सुई-दोरा. अंगाची नुसती हाडं राहिली होती.

"वाळत नाही," ती म्हणाली. "आणि कॉलर बघ. सकाळीच शिवली होती."

डाव्या टोकाचे टाके तुटून लोंबत होते.

"मेला कापड खातो," ती हळूच हसली. "खातोय तरी."

मी हात लावला. जर्सी डिसेंबरासारखी गार होती.

कॉलरचं टोक तेवढं कोमट होतं.