बळवंतरावांची नेमणूक

ही ऐकीव गोष्ट नाही. मी ग्वाल्हेरला कोर्टाच्या बातम्या देतो. दोघांनी सांगितल्याशिवाय ओळ लिहीत नाही. ही मला तिघांनी सांगितली. त्यातली एक माझी सख्खी बहीण.

सीमंतिनीताई वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी कोर्ट तिला नेमतं. गेल्या जानेवारीत तिला माधवगंजच्या दौलतसिंहची केस मिळाली. पाटणकर बाजारातल्या दुकानात चोरी केल्याचा आरोप. त्याचे आधीचे वकील, कोर्टानेच नेमलेले बळवंतराव, दिवाळीत वारले होते.

जामीनदार मिळेना. शेवटी कोर्टाने जातमुचलक्यावर सोडायचं ठरवलं. फक्त दौलतसिंहची सही हवी होती.

मंगळवारी दुपारी ताई जेलमध्ये गेली. बाहेर दाट धुकं. मुलाखतीच्या खोलीत ती, दौलतसिंह आणि दाराशी शिपाई भदौरिया.

"सही कर. बायको आज-उद्यात बाळंत होईल तुझी."

दौलतसिंहने उजवीकडे पाहिलं...

तिथे नुसती भिंत होती.

"वकीलसाहेब मना करतायत, ताई."

"बळवंतराव गेले रे."

"रोज येतात. म्हणतात, मी सांगेपर्यंत कुठेच सही नाही करायची."

"ज़िंदा थे तब भी यही कहते थे," भदौरिया हसला.

तेवढ्यात कागद उलटल्याचा आवाज आला...

ताईची फाइल बंद होती.

भदौरियाचं हसू थांबलं.

"विचार त्यांना, का नाही?" ताई म्हणाली.

दौलतसिंह ऐकत राहिला. बराच वेळ.

"म्हणतात, केस अजून माझ्याकडेच आहे. कोर्टाने मला हटवलंच कुठे?"

ताईने कोर्टात जाऊन पाहिलं. खरं होतं. तिला नेमलं होतं. बळवंतरावांची नेमणूक रद्द करायची राहून गेली होती.

"मेलेल्या माणसाला मोकळं करा, असा अर्ज देणार?" मी चिडवलं.

"तू छापू नकोस म्हणजे झालं."

बळवंतरावांना मोकळं केल्याचा आदेश निघाला. ताईने तो जेलमध्ये मोठ्याने वाचला. दौलतसिंहने भिंतीकडे पाहून हात जोडले आणि सही केली. मुलगी झाली तेव्हा तो घरी होता.

इथे हे संपायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी ताई एका नव्या आरोपीला भेटली. बळवंतरावांचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं.

तो तिच्या खांद्यामागे बघत होता...

"दीदी, ये बुज़ुर्ग वकील साहब पूछ रहे हैं... अब उनको कौन-सा केस मिलेगा?"

ताईने अजून उत्तर दिलेलं नाही.

विचारणारा आरोपी मात्र दर मंगळवारी वेगळा असतो.