न काढलेली धावपट्टी

आई आमची ओळख करून देताना हमखास म्हणते, "सून विमान उडवते आणि मुलगा विमानाचा खेळ खेळतो." खोटं काही नाही. बायको छोट्या विमानातून औषधांची खोकी डोंगरापलीकडच्या गावांना पोचवते आणि मी एका कंपनीत फ्लाइट सिम्युलेटरची बीटा आवृत्ती तपासतो. म्हणजे पडद्यासमोर बसून दिवसभर उडायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. त्यामुळे मला जेवताना आधी चूक कळते, चव नंतर, असं बायकोचं म्हणणं.

दर सोमवारी नवं अपडेट येतं. कधी ढगांचा रंग सुधारलेला असतो, कधी चाकांचा आवाज. पण आमच्या धंद्यात एक सांधता तेरा तुटतात, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर मी तीच जुनी फेरी मारतो. विमानतळ, नदी, डोंगरावरचं जंगल, पलीकडचं गाव. बायकोचाच रोजचा रस्ता. तिच्याकडून ऐकून ऐकून पाठ झाला होता म्हणून तोच घेतला. वाटेत काही इकडचं तिकडे झालं तर लगेच डोळ्यांत भरतं.

त्या सोमवारचं अपडेट फक्त पावसाच्या थेंबांचं होतं. काचेवरून थेंब छान ओघळत होते. मी खुशीत जंगलावरून चाललो होतो आणि खाली झाडीत एक लांबट, सपाट, हिरवा पट्टा दिसला.

आमच्याकडे जमीन, डोंगर आणि झाडं बनवणारा एक प्रोग्रॅमर आहे. त्याला सगळे भूगोल म्हणतात. तो चहाचा कप घेऊन आला, पडद्याकडे बघत राहिला.

"हे माझं नाही," तो म्हणाला. त्यानं उपग्रहाचा फोटो उघडला. त्या जागी गर्द झाडी होती.

"मग कुणाचं?"

"डेटातला कचरा असेल. काढतो."

पुढच्या अपडेटात त्यानं पट्टा काढला. मी गेलो तर पट्टा तिथंच, वर आता गवत कापलेलं. त्याच्या पुढच्या अपडेटात दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड आले. मग एक खांब आला आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी.

"ही वस्तू मी बनवलेलीच नाही," भूगोल म्हणाला. हा माणूस विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसतो. त्या दिवशी हसला नाही.

आमच्याकडे बिघाड पुन्हा पुन्हा करून दाखवावा लागतो, नाहीतर तो कुणी मानत नाही. म्हणून मी त्या धावपट्टीवर उतरत राहिलो. धुक्यात उतरलो, आडव्या वाऱ्यात उतरलो, इंजिन बंद करून उतरलो. नदीचं वळण संपलं की एक उघडा काळा कडा दिसतो. तिथं डावीकडे वळायचं, कडा पंखाच्या टोकाशी ठेवायचा आणि खाली यायचं. डोळे मिटून उतरावं इतकं ते हातात बसलं. एकदा चाकं टेकली तेव्हा कापलेल्या गवताचा वास आला. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता. मी तो बिघाड नोंदवला नाही. काय म्हणून नोंदवणार?

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. "त्या जंगलात? अरे, तिथं रुमाल टाकला तरी जमिनीला लागायचा नाही."

मग कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "पण उतरायचं कसं?"

मी चादरीवरून हात फिरवून दाखवलं. तिनं स्वतःचा हात तसाच फिरवून बघितला.

"परीक्षा आहे का उद्या?" मी चिडवलं.

"असू दे रे," ती म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

सिम्युलेटर बाजारात जायचा दिवस आला. आमच्या मॅनेजर मॅडम सकाळीच भूगोलच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "ती पट्टी आज गेलीच पाहिजे. लोकांना काय सांगायचं, आपोआप उगवली म्हणून?"

भूगोलनं तोड काढली होती. नुसती पट्टी पुसायची नाही, त्या अख्ख्या जंगलाची जमीनच मुळासकट नव्यानं बनवायची. बटण दाबलं की जुनं सगळं गेलं. खात्री करून घ्यायला मी शेजारी बसलो होतो. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि माझा फोन वाजला.

बायकोच्या कंपनीतला रेडिओ ऑपरेटर होता.

"दादा, वहिनींचं इंजिन बंद पडलंय. जंगलावर आहेत. त्यांचा आवाज येईनासा झालाय."

"शेवटचं काय बोलली?"

"कडा दिसतोय म्हणाल्या. डावीकडे वळते म्हणाल्या."

मी भूगोलचं मनगट धरलं.

"थांब. काढू नकोस."

"काय?"

"ती पट्टी. हात लावू नकोस तिला."

माझी पाचावर धारण बसली होती. राशिभविष्य वाचणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आणि आता पडद्यावरच्या चार इंच हिरव्या रंगासाठी हातापाया पडायची माझी तयारी होती. मॅडम "काय चाललंय?" म्हणत आल्या. भूगोलनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्यानं कीबोर्डची वायर उपसून काढली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पडद्यावर पट्टी होती. नारिंगी पिशवी लोंबत होती.

मग ती फुगली.

पट्टीच्या अलीकडच्या टोकाला गवत दबलं. पडद्यावर विमान नव्हतं. गवत मात्र तीन रेषांत दबत पुढे गेलं, हळू झालं आणि मधोमध थांबलं.

मॅडमचा हात माझ्या खांद्यावर होता, तो कधी आला मला कळलं नाही.

फोनवर ऑपरेटर ओरडला, "उतरल्या! दादा, बोलताहेत! उतरल्या!"

जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला त्या दिवशी कळलं. मी भूगोलच्या गळ्यात पडून रडलो. मॅडमही रडल्या आणि मग म्हणाल्या, पट्टी राहू दे, लोकांना आवडेल.

बायकोला हेलिकॉप्टरनं आणलं. दोर सोडून वर घ्यावं लागलं तिला, कारण खाली उतरायला जागाच नव्हती. हेलिकॉप्टरवाले सांगत होते, विमान घनदाट झाडीत सरळ उभं आहे आणि आजूबाजूची एक फांदी मोडलेली नाही. ते आत कसं गेलं आणि आता बाहेर कसं काढायचं, यावर चौकशीवाले अजून डोकं धरून बसलेत. बसू देत. माझं माणूस घरी आलं. अंगावर ओरखडा नाही. आई तिच्या तोंडावरून हात फिरवून थकली. मी तर दोन दिवस तिच्या मागेमागे फिरत होतो, स्वयंपाकघरातसुद्धा, शेवटी तीच वैतागून म्हणाली, "अरे, बस की जरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. इतकं हलकं मला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

"तुमच्या त्या माणसाला थँक्स सांग हं," ती म्हणाली.

"भूगोलला? सांगितलं की."

"तो नाही रे. पट्टीवरचा. मी तिरकी येत होते, तर त्यानं दोन्ही हात हलवून मला सरळ घेतलं. नंतर दारही त्यानंच उघडलं."

मी कप खाली ठेवला. आमच्या सिम्युलेटरमध्ये माणसं नाहीत. ती पुढच्या अपडेटमध्ये यायची आहेत. आत्ता कुठे काम सुरू झालंय.

"कसा होता दिसायला?"

तिनं बिस्कीट चहात बुडवलं आणि जरा आठवून बघितलं.

"हात अगदी छान होते. नखंबिखं सगळं नीट. हात धरूनच उतरवलं त्यानं मला," ती म्हणाली. "चेहरा तेवढा अजून झालेला नव्हता."